विद्यापीठाच्या नावावर पदक जमा होतं म्हणजे नेमकं काय होतं?

थंडी पडली की नागपूरच्या वर्तमानपत्रांत क्रीडापानावर एक बातमी हमखास येते: नागपूर विद्यापीठाचा अमुक खेळाचा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रवाना. सोबत फोटो. नव्याकोऱ्या ट्रॅकसूटमधली मुलं दोन रांगांत, एका टोकाला संघ व्यवस्थापक, दुसऱ्या टोकाला प्रशिक्षक. आठवड्याभराने निकालाची छोटी बातमी येते, किंवा येतच नाही. पश्चिम विभाग म्हणजे कोणता, त्याच्या पुढे काय असतं, जिंकल्यावर खेळाडूला काय मिळतं आणि विद्यापीठाला काय, यातलं काही त्या बातमीत नसतं. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजकडून खेळलेलं नाही त्यांना ही व्यवस्था अगम्य वाटते. खेळणाऱ्या बऱ्याच मुलांनाही ती अर्धीमुर्धीच ठाऊक असते.

ती उलगडण्याआधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला माझ्याशी भांडता येईल. 'विद्यापीठाने मिळवलेली पदकं' असं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजतो. एक, विद्यापीठाने किंवा त्याच्या कॉलेजांनी घडवलेला खेळाडू. दुसरा, भलतीकडेच घडलेला, पण कॉलेजच्या वयात असल्यामुळे विद्यापीठाच्या नावाने उतरलेला खेळाडू. पदकतक्त्यात दोघांचं सुवर्ण सारखंच दिसतं. विद्यापीठाच्या खेळाचा इतिहास वाचायचा तर आधी हे दोन ढीग वेगळे करायला हवेत.

कॉलेजपासून वर

सुरुवात प्रवेशाच्या पावतीपासून होते. त्या लांबलचक पावतीत क्रीडा शुल्काची एक ओळ असते. मूल आयुष्यात मैदानावर न गेलेलं असो, ती रक्कम भरावीच लागते. यातला काही भाग कॉलेजकडे राहतो, काही विद्यापीठाकडे जातो. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची गाडी बऱ्याच अंशी या पैशांवर चालते. म्हणजे नागपुरातल्या रविनगरच्या मैदानावर धावणाऱ्या मुलीच्या प्रवासखर्चात वर्ध्याच्या किंवा गोंदियाच्या एखाद्या बी.कॉम.च्या पोराचाही वाटा असतो.

कॉलेजात खेळाचा माणूस एकच: शारीरिक शिक्षण संचालक. पदनाम भारदस्त असलं तरी मुलं त्यांना 'स्पोर्ट्स सर' किंवा 'पीटी सर' म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होतात. वेगवेगळ्या खेळांचं यजमानपद वेगवेगळ्या कॉलेजांकडे असतं, कबड्डी एकीकडे तर बुद्धिबळ दुसरीकडे. इथे कॉलेज कॉलेजाविरुद्ध खेळतं. या सामन्यांतून आणि निवड चाचणीतून संभाव्य खेळाडूंची यादी निघते, मग सराव शिबिर लागतं आणि शेवटी विद्यापीठाचा संघ जाहीर होतो.

हा संघ वर्षभर एकत्र नसतो, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. भंडाऱ्याचा बचावपटू आणि हिंगण्याचा चढाईपटू एकमेकांना शिबिरातच भेटतात. आठवडा-दोन आठवडे एकत्र सराव, की लगेच रेल्वे. सांघिक खेळात एकमेकांच्या सवयी कळायलाच इतका वेळ लागतो. त्यात सत्र पद्धत आल्यापासून हिवाळी परीक्षा आणि स्पर्धांचा हंगाम हमखास एकमेकांवर येतात. प्रॅक्टिकल सोडून जायचं की संघ सोडायचा, हा प्रश्न दरवर्षी कुणाला ना कुणाला पडतो, आणि नियमात सोय असली तरी ती मिळवायला अर्ज घेऊन खेळाडूच फिरतो.

संघात निवड होऊन विद्यापीठाचं प्रतिनिधित्व केलं की खेळाडू 'कलर होल्डर' होतो. जुन्या पिढीत कलर कोटाचा, म्हणजे विद्यापीठाच्या ब्लेझरचा, रुबाब मोठा होता. लग्नाच्या बायोडेटात 'विद्यापीठ कलर होल्डर' लिहिणारी माणसं नागपुरात आजही भेटतील, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. शेकडो कॉलेजांतून बारा जणांत येणं सोपं नसतं.

विभाग, आणि उपांत्य फेरीचं महत्त्व

विद्यापीठांच्या खेळाची देशपातळीवरची सूत्रं भारतीय विद्यापीठ संघाकडे आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'एआययू' म्हणतात. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून ही संस्था सुरू झाली, १९७३ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. खेळांचं काम तिच्याकडे १९४०-४१ पासून आलं. क्रिकेटची गाडी मात्र त्याआधीच निघाली होती. मुंबईच्या बारिया कुटुंबाने दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या रोहिंटन बारिया करंडकासाठी विद्यापीठं १९३५ पासून खेळू लागली.

एआययूने देशाचे चार विभाग पाडले आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा, मध्य प्रदेश ही मंडळी पश्चिमेत. सांघिक खेळांत आधी विभागीय स्पर्धा होते आणि प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. म्हणून 'नागपूरचा संघ उपांत्य फेरीत' ही बातमी दिसते तितकी साधी नाही. उपांत्य फेरी गाठली म्हणजे अखिल भारतीयचं तिकीट कापलं गेलं. उपांत्यपूर्व सामना हा खरा जीवनमरणाचा सामना असतो, आणि आपली वर्तमानपत्रं नेमकी तीच बातमी दोन ओळींत उडवतात. कुस्ती, मैदानी स्पर्धा यांसारख्या वैयक्तिक खेळांची रचना निराळी असते, तिथे थेट देशपातळीवर उतरण्याची पद्धत रुळलेली आहे.

पात्रतेचे नियम वरवर साधे आहेत. नियमित विद्यार्थी हवा, वय साधारण १७ ते २५, आणि एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. पुढच्या वर्षी विद्यापीठ बदललं तर हरकत नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

राज्यात वेगळा सोहळा असतो तो 'अश्वमेध'. सांस्कृतिक स्पर्धांसाठी 'इंद्रधनुष्य', संशोधनासाठी 'आविष्कार', तसा खेळांसाठी हा. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती, त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने तो भरतो. इथे कृषी आणि आरोग्य विद्यापीठंही उतरतात. मजा भरपूर असते, पण एआययूच्या पायऱ्यांशी त्याचा थेट संबंध नाही.

पदकांचं गणित

सगळ्या खेळांची आणि खेळाडूंची वर्षभराची कामगिरी गुणांत मोजून सर्वोत्तम विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. क्रीडावर्तुळात त्याला 'माका ट्रॉफी' म्हणतात. १९५६-५७ पासून तो सुरू आहे आणि पहिला मान मुंबई विद्यापीठाकडे गेला होता. खेलरत्न, अर्जुन पुरस्कार ज्या समारंभात दिले जातात त्याच समारंभात राष्ट्रपतींच्या हस्ते हा करंडकही देतात. विजेत्याला १५ लाख रुपये मिळतात. रक्कम फारशी मोठी नाही, मान मोठा आहे.

२०२० पासून यात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची भर पडली. पहिली स्पर्धा भुवनेश्वरला झाली, १७ खेळांची. तिचा निकाल मराठी वाचकाने मुद्दाम पाहावा असा आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाला १७ सुवर्णं मिळाली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठालाही १७ सुवर्णंच मिळाली. पंजाबची रौप्यं १९ आणि पुण्याची ११, म्हणून करंडक चंदीगडला गेला. पुण्याच्या पदकांत जलतरणाचा वाटा मोठा होता.

आता हिशेब करा. कबड्डीचा बारा जणांचा संघ महिनोन्महिने घाम गाळून स्पर्धा जिंकतो, तेव्हा विद्यापीठाच्या खात्यात एक सुवर्ण जमा होतं. एक चांगली जलतरणपटू फ्रीस्टाइल, बटरफ्लाय, मेडली, रिले मिळून चार-पाच सुवर्णं एकटी आणते. नेमबाजी, तिरंदाजी, तलवारबाजी, वेटलिफ्टिंग, सायकलिंग यांचंही तसंच. वैयक्तिक प्रकार जितके जास्त, तितकी पदकांची संधी जास्त. विदर्भातल्या कॉलेजांत जीव कुठे अडकलेला असतो? कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट, फुटबॉल. गर्दी तिथेच होते, भांडणंही तिथेच होतात. तक्त्याच्या दृष्टीने मात्र हे सगळे महागडे खेळ आहेत. तक्त्यावर वर यायचं असेल तर तलवारबाजीच्या चार मुली शोधून त्यांना प्रशिक्षक देणं हा स्वस्तातला मार्ग ठरतो, आणि देशातल्या हुशार क्रीडा संचालकांनी तो केव्हाच हेरला आहे.

तसा मार्ग धरावा का, हा प्रश्न वेगळा. खो-खो सोडून तलवारबाजीच्या मागे लागलेलं विद्यापीठ मला तरी आपलं वाटणार नाही. पण तक्ता पाहून 'नागपूर मागे का' असं विचारणाऱ्याला निदान तक्ता कसा भरतो एवढं माहीत हवं.

शंभर वर्षांत आकसत गेलेला नकाशा

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ ची. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. त्याआधी इथली कॉलेजं बाहेरच्या विद्यापीठांना जोडलेली होती. १८८३ चं हिस्लॉप आणि १८८५ चं मॉरिस ही दोन्ही कॉलेजं विद्यापीठाहून कितीतरी जुनी. त्यामुळे नागपुरातला कॉलेजचा खेळही विद्यापीठाहून जुना आहे. भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार सी. के. नायडू नागपूरचेच, जन्म १८९५ चा. विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ते आधीच नावाजलेले क्रिकेटपटू होते.

सुरुवातीला या विद्यापीठाचा नकाशा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाएवढा होता. मग एकेक तुकडा सुटत गेला. इथे कुलगुरू राहिलेल्या हरिसिंग गौर यांनीच १९४६ मध्ये सागर विद्यापीठ उभं केलं आणि हिंदी भाषक मुलूख तिकडे गेला. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ झालं. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ गेले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं. चंद्रपूर, गडचिरोली गेले. २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव लाभलेल्या या विद्यापीठाकडे आज नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे आहेत.

खेळाच्या इतिहासाशी याचा संबंध काय? फार मोठा आहे. १९८३ आधी अमरावतीच्या कॉलेजचा मल्ल किंवा खो-खोपटू जिंकला तर ते यश नागपूर विद्यापीठाचं असायचं. आणि अमरावती म्हणजे कोण? वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन हुतुतूसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कबड्डी एशियाडमध्ये आली १९९० साली, त्याच्या अर्धशतकभर आधीची ही गोष्ट. व्यायामशिक्षकांच्या पिढ्यान्‌पिढ्या या मंडळातून निघाल्या आणि विदर्भातल्या शाळा-कॉलेजांत पसरल्या. विद्यापीठ वेगळं झाल्यावर ही सगळी परंपरा नकाशावर दुसऱ्या बाजूला गेली.

म्हणून 'पूर्वी नागपूर विद्यापीठाचा दबदबा होता, आता राहिला नाही' असं ज्येष्ठ मंडळी पारावर सांगतात तेव्हा त्यातला थोडा भाग स्मरणरंजनाचा, थोडा खरा आणि बराचसा भूगोलाचा असतो. अख्ख्या विदर्भातून निवडलेला संघ आणि चार जिल्ह्यांतून निवडलेला संघ यांची तुलना करताना हे धरायला नको का?

दुसरा बदल क्रिकेटसारख्या खेळात झाला, तो देशभरच झाला. एके काळी विद्यापीठ क्रिकेट ही रणजीची आणि पुढे कसोटीची पायरी होती. सुनील गावसकर १९७१ मध्ये वेस्ट इंडिजला गेले ते मुंबई विद्यापीठासाठी धावांचे डोंगर रचून. आज १६ आणि १९ वर्षांखालच्या संघांतून आणि अकादमीतून मुलगा थेट वर जातो. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी जिंकली. ती जिंकणारी मुलं विदर्भ क्रिकेट संघटनेच्या वयोगटांतून, अकादमीतून आणि क्लबांतून वर आली. उमेश यादव विशीच्या आसपास टेनिस बॉल सोडून लेदर बॉलकडे वळला आणि तिथून काही वर्षांत भारताकडून खेळला, तोही क्लबमार्गेच. आता गुणवान क्रिकेटपटूला विद्यापीठ संघाची तितकी गरज उरलेली नाही.

मग हे कुठे घडले?

नागपूरची अलीकडची मोठी नावं घ्या. ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णं घेतली. त्याचा सराव साताऱ्याच्या अकादमीतला. मालविका बनसोड बॅडमिंटन शिकायला रायपूरला राहिली. २०२२ च्या इंडिया ओपनमध्ये तिने सायना नेहवालला हरवलं तेव्हा आपण सगळ्यांनी 'नागपूरची पोरगी' म्हणून कॉलर ताठ केली. अल्फिया पठाणने २०२१ मध्ये युवा जागतिक मुष्टियुद्धात सुवर्ण मिळवलं. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, कोनेरू हंपीला हरवून, आणि ती ग्रँडमास्टर झाली.

चौघंही कॉलेजच्या वयात किंवा त्याच्या आगेमागे जगासमोर आले. चौघांनाही घडवण्यात विद्यापीठाचा हात शोधायला गेलात तर फारसं काही सापडणार नाही. आईवडिलांचे पैसे, खासगी किंवा सरकारी प्रशिक्षण केंद्र, एखादा जिद्दी कोच, हीच सामग्री सगळीकडे दिसते. त्यात नागपूर विद्यापीठाला दोष देण्यासारखं काही नाही. भारतातल्या जवळजवळ सगळ्या विद्यापीठांची हीच कथा आहे, कारण खेळाडू घडण्याचं वय दहा ते सोळा आणि विद्यापीठाच्या हाती तो येतो अठराव्या वर्षी.

पण कॉलेजच्या व्यवस्थेने काहीच दिलं नाही म्हणणंही चूक होईल, आणि इथे विजय बारसे यांचं नाव घ्यायलाच हवं. हिस्लॉप कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते. पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं त्यांनी पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल स्पर्धा सुरू केली. त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं आणि इथली मुलं बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत गेली. माका ट्रॉफीच्या गुणतक्त्यात या कामाला शून्य गुण आहेत. पण नागपूरच्या एखाद्या कॉलेजच्या क्रीडा विभागाने शहराला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी कुठल्याही पदकाआधी हे सांगेन.

अमृतसरवाले काय करतात

माका ट्रॉफी सर्वाधिक वेळा, वीसहून अधिक, जिंकली आहे अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने. हे विद्यापीठ १९६९ चं, म्हणजे नागपूरहून ४६ वर्षांनी धाकटं. आपल्याकडे एक सबब नेहमी ऐकू येते: आमचं विद्यापीठ संलग्न कॉलेजांचं, विद्यार्थी विखुरलेले, एका आवारात राहणारं विद्यापीठ असतं तर दाखवलं असतं. सबब ऐकायला बरी आहे, पण अमृतसरही संलग्न कॉलेजांचंच विद्यापीठ आहे. फरक असा की तिथली कॉलेजंच एकमेकांशी खेळाडूंसाठी चढाओढ करतात. चांगल्या खेळाडूला फी माफ, वसतिगृह, खुराक देऊन कॉलेज आपल्याकडे ओढतं, कारण आंतरमहाविद्यालयीन विजेतेपदाला तिथे प्रतिष्ठा आहे. हॉकी, कुस्ती, सायकलिंग, तलवारबाजी अशा खेळांचे प्रशिक्षक हंगामापुरते येत नाहीत, वर्षभर असतात. आणि वर पंजाब पोलीस, रेल्वे, सैन्य यांच्या नोकऱ्यांची आशा.

गेल्या काही वर्षांत मात्र तक्त्याचं रूप बदललं. २०२४ ची माका ट्रॉफी चंदीगड युनिव्हर्सिटीला गेली (वर आलेलं पंजाब विद्यापीठ वेगळं), दुसरी आली लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटी, आणि गुरू नानक देव तिसऱ्या क्रमांकावर. पहिली दोन्ही खासगी. २०२२ च्या खेलो इंडिया स्पर्धेत बंगळुरूच्या यजमान जैन विद्यापीठाने बाजी मारली, तेही खासगी. या विद्यापीठांकडे एकच आवार, एकच मेस, पैसा आणि प्रवेश देण्याची मोकळीक आहे. राष्ट्रीय पदक घेऊन येणाऱ्या मुलाला ती पूर्ण शिष्यवृत्ती देतात. वर सांगितलेला 'वर्षाला एक विद्यापीठ' हा नियम इथे कामाला येतो. दरवर्षी जूनमध्ये खेळाडूंची अक्षरशः भरती चालते. नीरज चोप्राही लव्हली युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी. त्याची भालाफेक सुरू झाली पानिपतला, आणि विद्यापीठात येण्याआधीच, २०१६ मध्ये, तो कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रमवीर झाला होता.

यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. ओडिशाच्या धावपटू द्युती चंदला भुवनेश्वरच्या किट विद्यापीठाने आसरा दिला आणि तिने २०१९ मध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. वसतिगृह, आहार, फिजिओ, शांतपणे सराव करायला जागा, या गोष्टी घडलेल्या खेळाडूलाही लागतातच. पण तक्ता वाचताना 'घडवलं' आणि 'सांभाळलं' यांत गल्लत नको.

अमेरिकेचं उदाहरण नेहमी दिलं जातं, म्हणून दोन शब्द. तिथे विद्यापीठांच्या खेळाचं नियमन करणारी संस्था १९०६ पासून आहे. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या सामन्यांची तिकिटं आणि प्रक्षेपणाचे हक्क यांतून प्रचंड पैसा येतो आणि त्यावर पोहणं, जिम्नॅस्टिक्स, धावणं असे खेळ पोसले जातात. १९७२ च्या कायद्याने मुलींना समान संधी देणं भाग पडलं, म्हणून तिथल्या महिला खेळाडू इतक्या पुढे गेल्या. २०२५ पासून तर न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. रविनगरच्या मैदानावर कबड्डी बघायला तिकीट लावलं तर काय होईल ते आपण जाणतो. ती तुलना इथेच थांबवलेली बरी.

शेवटची पायरी आणि एक कागद

देशपातळीच्या वर आहे जागतिक विद्यापीठ स्पर्धा. १९५९ मध्ये तुरिनला सुरू झाली, दोन वर्षांनी एकदा होते, वय १८ ते २५. चेंगडूला २०२३ मध्ये भारताने ११ सुवर्णांसह २६ पदकं मिळवली आणि सातवा क्रमांक पटकावला, आजवरची आपली सर्वोत्तम कामगिरी. २०२५ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन-रुर स्पर्धेत मात्र पदकं १२ वर आली, त्यांत सुवर्णं दोनच. त्या स्पर्धेत बॅडमिंटनसाठी बारा खेळाडू निवडले गेले होते. ते जर्मनीत पोहोचले. पण अधिकाऱ्यांनी सहाच जणांची नावं वेळेत नोंदवली होती, बाकी सहा जणांना कोर्टावर पाऊल ठेवता आलं नाही. संघाने तरीही कांस्य जिंकलं. 

देशाच्या पातळीवर हे घडतं, तर कॉलेजच्या पातळीवर काय होत असेल त्याची कल्पना करा. त्यामुळे ज्यांची मुलं यंदा कॉलेजकडून उतरणार आहेत त्यांच्यासाठी कामाच्या काही गोष्टी. पात्रता अर्ज कॉलेजने विद्यापीठाकडे पाठवला का, हे स्वतः जाऊन विचारा. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका आणि चालू वर्षाची प्रवेशपावती यांच्या प्रती स्पोर्ट्स सरांकडे आधीच देऊन ठेवा. प्रमाणपत्रावर नाव दहावीच्या सनदेप्रमाणेच आहे ना, स्पर्धेचं वर्ष आणि मिळवलेलं स्थान बरोबर आहे ना, हे घेतानाच पाहा. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा विभाग प्रमाणपत्राची पडताळणी करतो आणि त्या वेळी स्पर्धेचा मूळ निकाल तपासला जातो. पाच वर्षांनी आडनावातली वेलांटी दुरुस्त करून घ्यायला गेलं, तर तेव्हाचे सर निवृत्त झालेले असतात. खेळासाठी परीक्षेत मिळणाऱ्या प्रोत्साहन गुणांचा अर्जही परीक्षेच्या निकालाआधी द्यावा लागतो, नंतर दिला तर तो टेबलावरच राहतो.

आणि जूनमध्ये कॉलेज निवडताना, मूल खरोखर खेळणारं असेल तर, ट्रॉफ्यांचं कपाट दाखवणाऱ्या माणसाला तीनच प्रश्न विचारा. या खेळाचा प्रशिक्षक वर्षभर असतो की शिबिरापुरता? मैदान संध्याकाळी सहानंतर उघडं असतं का? आणि कपाटातली ही ट्रॉफी ज्याने आणली, तो इथे आल्यावर खेळायला शिकला, की शिकून इथे आला?